गाव नको, तास विचारा

ताई, सप्रेम नमस्कार.

मे महिना जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. घरात आम्ही सहा जण. सासरे ७६ वर्षांचे, दोन वेळा इन्सुलिन. सासूबाई ७१, दोन्ही गुडघे गेलेले, कमोड लागतो, पायऱ्या चढवत नाहीत. नवऱ्याला जेमतेम सहा दिवसांची रजा मिळते आणि त्यात त्याला गाडी चालवायची नाही, झोपायचंय. मुलीची यंदा दहावी. तिला मनालीला बर्फात जायचंय, कारण वर्गातल्या तिघी जाऊन आल्या. मुलगा आठ वर्षांचा, त्याला समुद्र हवा. त्यात नणंद तीन वर्षांच्या लेकीला घेऊन बेंगळुरूहून माहेरपणाला येणार. ती म्हणते, "वहिनी, मला काहीच करायचं नाहीये, नुसतं बसायचंय." सासऱ्यांना वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावी कुलदेवतेला जायचंय, चार वर्षं राहिलंय. गावचं घर बंद असतं, शेजारी चुलत सासरे राहतात.

मागच्या वर्षी महाबळेश्वरला गेलो. दोन दिवसांत अकरा पॉइंट केले. प्रत्येक पॉइंटला सासूबाई गाडीतच बसून राहिल्या, सगळ्यांच्या पर्सा आणि जॅमच्या बाटल्या सांभाळत. तिसऱ्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. या वर्षी कुठे जाऊ या, असं विचारलं की सासूबाईंचं एकच: "मला काय, कुठेही चालेल." बजेट ऐंशी हजारांचं. नणंद आमच्यापेक्षा जास्त कमावते, पण तिच्याकडून पैसे घ्यायला नवऱ्याला लाज वाटते. सगळ्यांना आवडेल असं एक ठिकाण सांगा.

(माझी आई सांगलीला एकटी असते. तिच्याकडे जाणं यंदाही जमणार नाही बहुतेक. पण तो वेगळा विषय.)

– मे महिन्याला घाबरणारी, डोंबिवली

*

सगळ्यांना आवडेल असं ठिकाण मला माहीत नाही. असं एखादं असतंच तर तिथे एव्हाना इतकी गर्दी झाली असती की ते कुणालाच आवडलं नसतं.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. घरातल्या प्रत्येकाची वेगळी मागणी आहे आणि त्या सगळ्या तुमच्याकडे जमा झाल्या आहेत. मुलीला बर्फ हवाय हे तिने तुम्हाला सांगितलं, आजीला नाही. गावी जायचंय हे सासऱ्यांनी तुम्हाला सांगितलं, नातीला नाही. नवऱ्याला झोपायचंय, हेसुद्धा तुम्हीच सांगताय. म्हणजे तुमच्या घराचं पोस्ट ऑफिस तुम्ही झालात. सगळी पत्रं तुमच्या खिडकीवर येतात आणि वाटपाला माणूसही तुम्हीच. अकरा पॉइंट तिथूनच आले. प्रत्येकाचं थोडं थोडं बसवायला गेलात आणि सगळ्यांना सगळीकडे जावं लागलं.

तेव्हा येत्या रविवारी जेवणं झाली की टीव्ही बंद करा आणि सगळ्यांना एकत्र बसवा. नणंदेला व्हिडिओ कॉलवर घ्या. मात्र "कुठे जायचं?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की प्रत्येक जण एका गावाचं नाव घेतो आणि मग त्या नावासाठी भांडतो. विचारायचं ते असं: मागच्या सहलीतला कुठला एक तास तुला परत हवाय? आणि कुठला तास अजिबात नको? गावाचं नाव घ्यायचं नाही, तासच सांगायचा.

हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही, आमच्या घरात तो ठेच लागून सुचलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही माझ्या सासूबाईंना उटीला नेलं. त्याही "कुठेही चालेल" संप्रदायातल्या. बोटॅनिकल गार्डन, तलाव, दोडाबेट्टा, सगळं दाखवलं. मी हाताला धरून चढवत होते, त्या मुकाट चढत होत्या. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशी झाली सहल?" सासूबाई अर्धा तास बोलल्या. त्यातली पंचवीस मिनिटं येताना गाडीत मिरजेला चढलेल्या एका बाईंबद्दल होती. त्यांची सून कशी, त्यांनी डब्यात कसली चटणी आणली होती, त्यांच्या थोरल्याचं लग्न कसं मोडलं. उटीबद्दल एकच वाक्य आलं: "थंडी होती हो फार." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. एवढा खर्च करून जे दाखवलं त्यातलं काहीच त्यांना नको होतं. त्यांना गप्पा मारायला एक नवं माणूस हवं होतं आणि बसायला जागा.

म्हणून "कुठेही चालेल" हे उत्तर मानूच नका. आपली अडचण इतरांना होऊ नये म्हणून बायका हे वाक्य शिकतात, आणि एकदा शिकल्या की त्यांना काय हवं हे त्यांचं त्यांनाही आठवत नाही. सासूबाईंना तासाबद्दल विचारा. माझा अंदाज आहे की नको असलेला तास त्या सांगतील: गाडीतला. आणि तो अकराही पॉइंटांनी मिळून दिलेला होता. तुमच्या मुलीनेही तो ऐकायला हवा. सोळाव्या वर्षी माणूस स्वार्थी नसतं, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

आता मनालीचं. यंदा नको, आणि का नको हे मुलीला नीट सांगा. "आजी-आजोबांना झेपणार नाही" एवढंच म्हणालात तर तिच्या मनात आजी-आजोबा म्हणजे अडसर होऊन बसतील. खरं असं आहे की मे महिन्यात मनाली गावात बर्फ नसतो. तो वर, रोहतांगच्या बाजूला असतो, म्हणजे तेरा हजार फुटांवर. शिवाय रोहतांगचा रस्ता मे महिन्यात कधी मोकळा होईल हे त्या वर्षीच्या बर्फावर असतं, आणि गाड्यांना परवाना लागतो. मुंबईहून आधी चंडीगड किंवा दिल्ली, तिथून घाटाचा दिवसभराचा रस्ता. सहा दिवसांच्या रजेतले येऊन-जाऊन चार प्रवासातच जातील. इन्सुलिनवरच्या शहात्तरीच्या माणसाला तेरा हजार फुटांवर नेण्याचा विचारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पण "नाही" म्हणून विषय बंद करू नका. हिमालय बघायला अख्ख्या घराने जायला कशाला हवं? युथ हॉस्टेल्स असोसिएशनचे हिमालयातले उन्हाळी ट्रेक आपल्याकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आलीत. हिमाचलमधला सार पासचा तर कित्येकांचा पहिला ट्रेक. वयाची अट आणि वैद्यकीय दाखला काय लागतो ते बघून पुढच्या मे महिन्यासाठी तिचं नाव घाला. अकरावीची सुट्टी, मैत्रिणींबरोबर, आईबाप सोबत नाहीत. मनालीतल्या मॉल रोडवर आजीची खुर्ची धरून उभं राहण्यापेक्षा तिला हे कितीतरी आवडेल. आणि हे तिला तुम्ही सांगू नका, तिच्या बाबांना सांगू दे. तुमच्या पत्रात ते फक्त झोपतात. एवढं एक काम त्यांच्याकडे द्या.

मग जायचं कुठे? तुमच्याच पत्रात ते गाव आहे. सासऱ्यांना कुलदेवता, मुलाला समुद्र, नणंदेला नुसतं बसणं, नवऱ्याला झोप. हे चारही वेंगुर्ल्याला एका खेपेत होतं. राहिल्या सासूबाई आणि मुलगी. त्यांचंही सांगते. पण वेंगुर्ले, कुडाळ, मालवण आणि "इतक्या जवळ आलोच आहोत तर गोवा" असं करायचं नाही. मुक्काम एकच. बॅगा एकदा उघडायच्या आणि एकदाच भरायच्या.

मुक्काम गावच्या घरात करू नका. चार वर्षं बंद असलेलं कौलारू घर म्हणजे विंचू, गळकी टाकी, रुसलेला पंप आणि बसायचा संडास. आणि दोन दिवस झाडलोट कोण करणार, ते तुम्हाला माहीत आहे. शिरोडा-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात घरगुती राहण्याच्या सोयी पुष्कळ आहेत. फोन करून ठरवताना समुद्र दिसतो का हे विचारू नका. संडासाचा फोटो मागा. हसू नका, मी गंभीरपणे सांगतेय. कमोड आहे का, शेजारी भिंतीला धरायला दांडी आहे का, खोलीपासून किती पावलांवर आहे, दारात पायऱ्या किती आणि त्यांना कठडा आहे का. कोकणातल्या घरांची जोती उंच असतात. चार पायऱ्या म्हणून सांगितलेल्या प्रत्यक्षात सात निघतात, आणि प्रत्येक फूटभर उंच. खोली तळमजल्यावरची घ्या. कमोडची घडीची खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते, ती बरोबर घेतलीत तर चुलत सासऱ्यांच्या घरीही सासूबाई निर्धास्त बसतील. खोलीला एसी आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, तेही विचारा. मे महिन्यातलं कोकण घामाचं असतं. अंघोळ करून टॉवेल वाळत घालेपर्यंत परत अंघोळ हवीशी वाटते. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

जेवण तिथलंच घ्या, तिन्ही वेळचं. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी आदल्या रात्री सांगून ठेवलेलं ताट, सोलकढी. कोण सोमवार पाळतं, कोणाला गुरुवार, मध्ये संकष्टी येतेय का, हे कॅलेंडरात बघून घरमालकिणीला आधीच कळवा. नाहीतर सुरमई ताटात आल्यावर सासूबाईंना संकष्टी आठवते. यात पैसे वाचवायला जाऊ नका. बाकी कुठेही वाचवा. ज्या सहलीत घरातल्या बायका ओट्यापाशी उभ्या असतात, ती सहल बाकीच्यांची असते.

एक कटकट मात्र होणार. "घर असताना लॉजार कित्याक रवतास?" असं चुलत सासरे विचारतीलच, आणि त्यांना खरंच वाईट वाटेल. हा फोन सासऱ्यांनी स्वतः, निघायच्या आधी करायचा. गुडघ्यांचं आणि कमोडचं कारण स्पष्ट सांगायचं आणि एक दिवसाचं जेवण तुमच्याकडे म्हणून आपणहून मागून घ्यायचं. मागून घेतलं की राग निम्मा उतरतो.

देवाचं काम पहिल्याच सकाळी उरका. प्रवासाचा शीण असला तरी. ते झाल्याशिवाय सासऱ्यांची सुट्टी सुरू होणार नाही, आणि त्यांची होत नाही तोवर कुणाचीच होणार नाही. गुरवाला आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा, ऊन चढायच्या आत पोहोचा, देवळात बसायला एक प्लास्टिकची खुर्ची गाडीत टाका. दर्शन झालं की सासरे आणि नातू यांना गावच्या घराचं कुलूप उघडायला पाठवा. राहायला नव्हे, नुसतं बघायला. आपला आजोबा आठ वर्षांचा असताना कुठल्या माडावर चढायचा हे तिथेच उभं राहून ऐकायचं असतं. तेवढ्या वेळात सासूबाईंना चुलत जावेच्या पडवीत बसवा.

ही पडवी मला फार महत्त्वाची वाटते. मे महिन्यातल्या कोकणातल्या पडवीत काय नसतं? एकीकडे आंब्याची साठं वाळत असतात, दुसरीकडे आमसुलं, कुणीतरी हाताला तेल लावून फणस फोडत असतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दोन मिनिटं टेकतो. तुमच्या सासूबाईंना तिथे फक्त उंच खुर्ची लागेल. मग तिथून त्या उठणार नाहीत आणि तुम्ही उठवायलाही जाऊ नका. महाबळेश्वरच्या गाडीत त्या एकट्या बसल्या होत्या. इथे त्या लोकांत बसतील. गुडघ्यांचं दुखणं दोन्हीकडे तेवढंच.

सासऱ्यांच्या साखरेचं थोडं सांगते, कारण हापूसच्या मोसमात मधुमेही माणसाला कोकणात नेणं म्हणजे परीक्षाच. आंबा किती खायचा हे निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्याच तोंडून विचारू द्या, म्हणजे पाच दिवस तुम्हाला पोलीस व्हावं लागणार नाही. आंब्यापेक्षा मला भीती उशिरा येणाऱ्या जेवणाची वाटते. इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं की साखर झपकन उतरते: घाम, थरथर, चिडचिड. तेव्हा जेवण वेळेवर मिळणार याची खात्री झाल्याशिवाय सुई नाही, आणि खिशात कायम ग्लुकोजची पुडी किंवा साखर. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरायचं नाही, बर्फालाही चिकटवायचं नाही. खोलीत फ्रिज नसेल तर मातीच्या माठातली जुनी युक्ती अजून चालते: छोटं मडकं मोठ्या मडक्यात, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. आणि हे सगळं खातं नवऱ्याकडे. ते त्यांचे वडील आहेत.

दिवसाची आखणी सोपी ठेवा. बाहेर जायचं ते सकाळी अकराच्या आत किंवा साडेचारनंतर. दुपार पंख्याखाली. दिवसाला एकच कार्यक्रम, आणि त्यालाही ज्याला यायचं त्यानेच यायचं. एका संध्याकाळी आरवलीच्या वेतोबाला जा. मुलाला ते देऊळ आवडेल, कारण तिथे देवाला भल्यामोठ्या चपला वाहतात. हा देव रात्री गावभर राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. समुद्रावर संध्याकाळी, गुडघाभर पाण्यापर्यंतच, आणि भरती-ओहोटीची वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारून. पोरगं पाण्यात असताना एक मोठं माणूस पाण्यातच उभं हवं, वाळूत मोबाइल घेऊन बसलेलं नव्हे. एखाद्या सकाळी आजोबा आणि नातवाने एसटीने वेंगुर्ल्याच्या बाजारात जाऊन यावं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, फक्त आधार कार्ड खिशात हवं. नातवापेक्षा आपलं तिकीट स्वस्त आहे, हे सांगताना सासऱ्यांचा चेहरा बघा.

आणि एक दिवस मुलीचा. तो पूर्ण तिचा. बाबा आणि ती सकाळी लवकर मालवणला निघतील, हवं तर भावाला घेऊन. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं केंद्र आहे, मालवणातही ही सोय आहे. सर्दी, दमा, कानाचं दुखणं असेल तर आधी सांगायचं, पोट हलकं ठेवायचं. भाऊ लहान आहे, तो बाबांबरोबर होडीने सिंधुदुर्ग बघेल. महाराजांनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला आणि २०२५ मध्ये जो इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला, तो किल्ला भर समुद्रात उभा बघितला की इतिहासाच्या पुस्तकातला धडा आपोआप आठवतो. वर्गातल्या तिघी बर्फात जाऊन आल्या असतील. समुद्राच्या तळाशी त्यातली कुणी गेलेली नाही. हे मी नाही, तुमची मुलगीच म्हणेल, आणि फोटोसकट.

या दिवशी गाडीत तिघेच असतील. सगळ्यांनी सगळीकडे जायचं नाही, असं एकदा ठरलं की आठ जणांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर लागत नाही. स्थानिक ड्रायव्हरची एक साधी गाडी हवी त्या दिवसापुरती सांगितली की झालं. नवऱ्याला स्टिअरिंगही धरायला नको आणि पैसेही वाचले.

पैशांवरून आठवलं. माहेरपणाला आलेल्या लेकीकडून खर्च घ्यायचा नाही, ही रीत चांगली आहे, पण ती लेक कमावत नव्हती तेव्हाची. तुमची नणंद मनात हिशेब करत असणारच. तिला वर्गणी मागू नका, एक काम द्या: "तिकडची गाडी तुझी." सासऱ्यांना देवाचं आणि पुजेचं सगळं करू द्या, पेन्शनीतून. म्हातारपणी माणसाला खर्च करू न देणं हाही एक अपमान असतो. बाकीचं तुम्ही. हे निघायच्या आधी बोला, परतीच्या गाडीत नव्हे.

तारखा. मुलाच्या शाळेचा निकाल साधारण १ मेला लागतो. दहावीचा निकाल २०२४ मध्ये २७ मेला लागला आणि २०२५ मध्ये १३ मेलाच, म्हणजे त्याचा भरवसा नाही, आणि तो लागला की अकरावीच्या अर्जांची धावपळ. मे अखेरीस समुद्र खवळायला लागतो, पाण्यातले खेळ आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात. तेव्हा २ मेच्या रात्री निघा, ७ मेच्या रात्रीची परतीची गाडी. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. निघायच्या दिवसाचं आरक्षण ३ मार्चला सकाळी आठला उघडेल, परतीचं ८ मार्चला. मे महिन्यातली कोकणची तिकिटं मिनिटांत संपतात, तेव्हा आठच्या आधी लॉगिन करून, सगळ्यांची नावं भरून बसा. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस बरी, ठाण्याहून बसा आणि कुडाळला उतरा. तुतारी मिळाली तरी चालेल, पण ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे तारीख पुढची लागते. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब या तारखेपायी सामानसुमान घेऊन, गाडी निघून गेल्यानंतर चोवीस तासांनी फलाटावर उभं होतं.

सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा, त्या दोघांचंच. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा असतो, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तर मिळतो. सहा जणांचं एकत्र काढलंत की कोटा गेला, आणि मग सासूबाई मधल्या बर्थकडे बघत उभ्या. डबा वेगळा येऊ शकतो. आला तर नवऱ्याने रात्री एकदा जाऊन बघून यायचं, किंवा तिथल्या एखाद्या एकट्या प्रवाशाशी जागा बदलायची.

नणंदेला डोंबिवलीला येऊन परत कोकणात न्यायची गरजच नाही. तीन वर्षांच्या पोरीला घेऊन तिने बेंगळुरूहून विमानाने गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरावं. तो महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच आहे, तिथून शिरोड्याला तासाभरात गाडीने. येताना ती तुमच्या घरच्यांबरोबर रेल्वेने डोंबिवलीला येईल आणि मग पुढचे दिवस आईबाबांपाशी खरंखुरं माहेरपण करेल. रेल्वेत पोरीला तिकीट लागत नाही, पाच वर्षांच्या आतली आहे.

आता तुमचा कंसातला "वेगळा विषय". तुमच्या पत्रात सगळ्यांच्या गुडघ्यांपासून झोपेपर्यंत सगळं आहे, आणि तुमची आई कंसात आहे. नणंद माहेरपणाला येणार हे तुम्ही किती सहज लिहिलंत. मग तुमचं माहेरपण कधी? सावंतवाडीहून आंबोली घाटाने कोल्हापूरला एसटी जाते आणि कोल्हापूरहून सांगली पन्नासेक किलोमीटर. महिलांना अर्धं तिकीट. ७ मेला घरचे रात्रीच्या गाडीने डोंबिवलीला जातील. तुम्ही त्याच दिवशी सकाळीच सांगलीला निघा. त्यांना गाडीत बसवून द्यायला थांबू नका, थांबलात तर सगळ्यांच्या बॅगा तुम्हीच भराल. चार दिवस आईकडे राहा. डोंबिवलीत पहिले दोन दिवस डबा लावून ठेवा, म्हणजे नणंदेच्याही माहेरपणात लाटणं यायला नको. पुढचे दोन दिवस तुमचे यजमान काय करतात ते मलाही कळवा.

हे रविवारच्या बैठकीत तासाबद्दल सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी, तुमचा तास म्हणून सांगा. परवानगीच्या सुरात नको. पावसाळा कधी येणार हे सांगतात, त्या सुरात.

तिकिटं जाताना सहा आणि येतानाही सहाच लागतील. नावं मात्र नीट बघून भरा.